रिक्षाच्या मीटरवरून पायथन: घरबसल्या प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात कशी करायची

आधीच सांगून टाकतो, मी इंजिनीअर नाही. बीकॉम करून फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेब बघतो, भांडुपला राहतो आणि छत्तिसाव्या वर्षी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसलो. त्याआधीची दोन वर्षं मी प्रोग्रामिंग शिकतोय असं लोकांना सांगत होतो. खरं तर मी कोर्स जमवत होतो. फोनमध्ये तीन ॲप, लॅपटॉपमध्ये चाळीसेक बुकमार्क, आणि सणासुदीच्या सवलतीत घेतलेला एक भलामोठा व्हिडिओ कोर्स. त्याचे पहिले अकरा व्हिडिओ मी चार वेळा पाहिले. बारावा अजून पाहिलेला नाही.

गाडी हलली ती एका फुटकळ कामामुळे. रात्री उशिरा स्टेशनवरून रिक्षाने घरी आलो, भाड्यावरून हुज्जत झाली आणि घरी येऊन वाटलं, हा हिशेब आपणच कॉम्प्युटरला शिकवून बघू. पुढचे दोन महिने त्या एका हिशेबानेच मला प्रोग्रामिंगचा पाया शिकवला. हा लेख त्याच वाटेने जातो.

या लेखात तयार कोड मुद्दाम दिलेला नाही. दिला असता तर तुम्ही तो उचलून चिकटवला असता, उत्तर आलं असतं आणि हाताला काहीच लागलं नसतं. मी प्रत्येक पायरी मराठीत लिहितोय. ती पायथनमध्ये उतरवायची तुम्ही.

वेळ आणि जागा

रोज पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी एकदम सहा तास बसून भरपाई होत नाही. सोमवारपर्यंत निम्मं विसरायला होतं.

मुंबईत पहिला विचार लोकलचाच येतो. भांडुप ते सीएसएमटी जायला-यायला मिळून रोजचे दोन तास जातात, तेवढ्यात शिकून घेऊ असं मलाही वाटायचं. एका हाताने कडी धरून व्हिडिओ बघता येतो, पण त्याला शिकणं म्हणू नका. पोहण्याचे व्हिडिओ बघून कोणी पोहायला शिकलेलं नाही. गाडीत दोनच कामं नीट होतात: काल लिहिलेला कोड फोनवर पुन्हा वाचून प्रत्येक ओळ काय करते ते मनात म्हणणं, आणि आज काय लिहायचं ते ठरवणं. टाइप करायला टेबल-खुर्चीच हवी.

वन-रूम-किचनमध्ये टीव्ही चालू असताना टेबल-खुर्ची आणायची कुठून, हा प्रश्न खरा आहे. आसपास अभ्यासिका असेल तर चौकशी करा. महापालिकेच्या आणि मंडळांच्या अभ्यासिका शहरात बऱ्याच आहेत. तिथे बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेची असतात, पण लॅपटॉप घेऊन बसलेल्याला कोणी उठवत नाही. चार्जिंगला प्लग मिळतो का ते मात्र आधी बघून या. मी स्वतः पहाटे साडेपाचला स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने शिकलो. नळाला पाणी यायचीही तीच वेळ, त्यामुळे उठावंच लागायचं.

यंत्र कोणतं

नवा लॅपटॉप घेऊ नका. घरात जुना पडला असेल तर तोच काढा. प्रोग्रामिंगचा पाया शिकायला ताकद लागते ती फारच थोडी. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या देशी बनावटीच्या संगणकाची मुख्य मेमरी २०४८ शब्दांची होती, एक शब्द ४० बिटचा. गुणाकार करून आठ बिटचा एक बाइट धरला तर हे दहा किलोबाइट भरतात. तुमच्या फोनमधला एक सेल्फी त्यात मावणार नाही, आणि त्यावर शास्त्रज्ञांची गणितं चालत होती.

घरात काहीच नसेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला जुने, दुरुस्त केलेले लॅपटॉप मिळतात. तिथे जाताना चार गोष्टी लक्षात ठेवा. रॅम ८ जीबी असावी. हार्डडिस्कऐवजी एसएसडी असावी. जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेक वेळा हार्डडिस्कमुळेच. दुकानातच एक कोरी फाइल उघडून कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघा, विशेषतः कंस, कोलन आणि अवतरणचिन्हाच्या कळा, कारण प्रोग्रामिंगमध्ये त्याच झिजवायच्या आहेत. आणि बिल व वॉरंटी लेखी घ्या.

फक्त फोन असेल तर? सुरुवात होते. अँड्रॉइडवर पायड्रॉइड नावाचं ॲप आहे, त्यात पायथन फोनवरच चालतो. मात्र पाच-सात ओळींच्या पुढे फोनच्या कीबोर्डवर जीव मेटाकुटीला येतो. ओटीजी केबल लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडला तर बराच फरक पडतो.

लॅपटॉपवर मी सुचवेन ते थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेला हा फुकट प्रोग्राम. त्याच्यासोबत पायथन येतोच, वेगळा टाकावा लागत नाही. त्याची खरी मजा म्हणजे कोड एकेक पायरी चालवून बघता येतो: कोणत्या क्षणी कोणत्या नावात कोणता आकडा आहे ते बाजूला दिसत राहतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही टाकायची परवानगी नसेल तर गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं. गूगलचं खातं पुरतं, फाइल तुमच्या ड्राइव्हमध्ये राहते, फक्त नेट लागतं.

पायथनच्या संकेतस्थळावरून थेट पायथन घेतलात आणि विंडोजचा जुन्या पद्धतीचा इन्स्टॉलर असेल तर त्यात पहिल्याच पडद्यावर तळाशी पायथन 'पाथ'मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्राम जिथे शोधतो त्या यादीत, घालण्याची एक चौकट असते. तिच्यावर टिक करा. ती राहिली तर पुढे कमांड दिल्यावर कॉम्प्युटर म्हणतो, पायथन कोण? माझे दोन दिवस त्यात गेले.

भाषा कोणती

पायथन. यावर दोन आठवडे चर्चा करणारे लोक असतात. त्यांच्यापासून लांब राहा. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेली ही भाषा वाचायला सोपी आहे, आणि पुढे हिशेब, डेटा, वेबसाइट कुठेही वळलात तरी वाया जात नाही. वेबपेज बनवून डोळ्यांनी लगेच काहीतरी बघायचंय अशी ओढ असेल तर एचटीएमएल, सीएसएस आणि मग जावास्क्रिप्ट घ्या. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी एमआयटीचं स्क्रॅच: ठोकळे जोडून मांजर पळवायचं, टायपिंग जवळजवळ नाहीच.

एक खूण ध्यानात ठेवा. एखाद्या व्हिडिओत 'प्रिंट'नंतर कंस न देता लिहिलेलं दिसलं तर तो जुन्या पायथन २ चा आहे. त्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तो व्हिडिओ बंद करा.

शिकायचं कुठून

एक मुख्य जागा आणि अडलं तर बघायला दुसरी एक. तिसरी नको.

मराठीतून ऐकायचं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. दहा-दहा मिनिटांच्या आसपासचे धडे, आणि बऱ्याच धड्यांना भारतीय भाषांतला आवाज आहे. यादीत विषय आणि भाषा निवडून हवा तो धडा मराठीत आहे का ते बघायचं. त्यांची पद्धत मला फार पटली: अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर तुमचं काम, व्हिडिओ थांबवत थांबवत सोबत करत जायचं. कोणताही व्हिडिओ बघताना हीच सवय ठेवा.

इंग्रजी बऱ्यापैकी कळत असेल तर आयआयटींचे कोर्स ऑनलाइन देणाऱ्या एनपीटीईएलवर आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगार यांचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन' हा बारा आठवड्यांचा कोर्स आहे. नावनोंदणी आणि व्हिडिओ फुकट; प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा. दर आठवड्याला गृहपाठ आणि त्याला तारीख असते. आपल्यासारख्या आळशांना ती तारीखच उपयोगी पडते. हार्वर्डचा सीएस५० नावाजलेला आहे, पण तो स्क्रॅचवरून थेट सी भाषेत उडी मारतो. नोकरी सांभाळून पहिल्याच फटक्यात तो झेपेल याची खात्री नाही. फ्रीकोडकॅम्पही पूर्ण फुकट आहे, वेबकडे जायचं असेल त्यांना चांगलं.

आता कामाला लागू.

पहिला आठवडा: एकच रिक्षा

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २६ रुपये झालं, पुढचा दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. रात्री बारा ते पहाटे पाच २५ टक्के जादा. सिग्नलला उभं राहिल्याचे पैसे सध्या सोडून देऊ.

कीबोर्डला हात लावायच्या आधी कागद घ्या आणि हाताने हिशेब करा. १ किलोमीटरला २६. दीडला २६. २ ला ३४.२८, म्हणजे ३४. ५ ला ८५.७०, म्हणजे ८६. १० ला १७१.४०, म्हणजे १७१. हा कागद जपून ठेवा. प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे तो प्रोग्राम सांगणार नाही, हा कागद सांगेल. हिशेबाच्या कामात आम्ही याला ताळा म्हणतो.

आता मराठीत पायऱ्या:

दर = १७.१४
किमान = २६
अंतर = ५
जर अंतर <= १.५:
    भाडं = किमान
नाहीतर:
    भाडं = अंतर * दर
दाखव(भाडं)

'जर'ला पायथनमध्ये इफ (if), 'नाहीतर'ला एल्स (else), 'दाखव'ला प्रिंट (print). अंतर आणि १.५ यांच्यामधली खूण म्हणजे 'पेक्षा कमी किंवा तेवढंच'. गुणाकाराला फुली नाही, तारा. 'जर'च्या खालची ओळ चार जागा आत सरकवलेली आहे ती शोभेसाठी नाही; कोणती ओळ कोणत्या अटीखाली येते हे पायथनला त्या जागेवरूनच कळतं. कोलन विसरलात तर तो पुढे सरकणार नाही.

दर, किमान, अंतर, भाडं ही व्हेरिएबल. डब्यावर चिठ्ठी चिकटवावी तशी आकड्याला नावं. गंमत अशी की पायथन ३ मध्ये ही नावं देवनागरीत दिलेली चालतात. 'दर', 'अंतर' असंच लिहा, काही अडत नाही. अंक मात्र कोडमध्ये इंग्रजीच लिहायचे, देवनागरी १७ लिहिलं की एरर. मी पहिला आठवडा देवनागरी नावं वापरली, मग सतत कीबोर्ड बदलायचा कंटाळा आला आणि रोमनकडे वळलो. पण त्या आठवड्यात एक भीती गेली: इंग्रजीचे मोजके तीस-पस्तीस राखीव शब्द सोडले तर बाकी सगळी नावं आपल्या मर्जीची असतात.

अंतराच्या जागी १, १.५, २, ५, १० घालून पाच वेळा रन करा आणि कागदाशी ताडा. दीड नक्की घाला. '<=' ऐवजी नुसतं '<' लिहिलं असेल तर दीडला २६ ऐवजी पंचवीस रुपये एकाहत्तर पैसे येतील. चुका नेहमी अशा उंबरठ्यावरच बसलेल्या असतात.

काही अंतरांना उत्तराच्या शेपटीला नकोसे आकडे लागलेले दिसतील. घाबरू नका. कॉम्प्युटर अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांत साठवतो, त्यामुळे पायथनला ०.१ + ०.२ विचारलं तर तो ०.३०००००००००००००००४ सांगतो. एकतृतीयांश लिहायला बसलं की आपलं ०.३३३ संपत नाही, तसंच.

दुसरा आठवडा: विचारणं आणि अट

अंतर कोडमध्ये लिहिण्याऐवजी वापरणाऱ्याला विचारा. त्यासाठी इनपुट (input). इथे प्रत्येक नवशिका आपटतो, तुम्हीही आपटा. इनपुटमधून आलेली गोष्ट पायथनच्या लेखी मजकूर असते, आकडा नव्हे. '५' हा मजकूर दीडपेक्षा लहान की मोठा हे त्याला विचारलं की तो टाइपएरर देतो. तो मजकूर फ्लोट (float) या आज्ञेतून काढला की आकडा होतो. आणि इथे पायथन आपल्याला एक सुखद धक्का देतो: कोडमध्ये देवनागरी अंक न चालवणारा हाच पायथन इनपुटमध्ये '३.५' देवनागरीत टाइप केलं तर फ्लोटमधून ते बिनतक्रार घेतो. 'साडेतीन' मात्र घेत नाही. तिथे व्हॅल्यूएरर.

मग रात्र. २५ टक्के जादा म्हणजे सव्वापट. जुन्या पिढीला सवायकी तोंडपाठ असायची, आपण १.२५ ने गुणायचं. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात विचारा, रेल्वेच्या वेळापत्रकासारखी, कारण माझी पहिली अट अशी होती:

जर तास >= १२ आणि तास < ५:

वाचायला अगदी बरोबर, बारा ते पाच. पण बाराहून मोठा आणि त्याच वेळी पाचाहून लहान असा आकडा जगात नाही. ही अट कधीच खरी होणार नाही, एररही येणार नाही, आणि रात्री दोनला प्रोग्राम दिवसाचं भाडं सांगत राहील. रात्रीचे बारा म्हणजे शून्य. तास >= ० आणि तास < ५. लाल अक्षरात एरर आली तर निदान कळतं तरी. गप्प राहून चुकणारा कोड जास्त त्रास देतो. म्हणून तो कागदावरचा ताळा.

आता पूर्ण रुपयात आणा. पायथनमध्ये राउंड (round) आहे. रात्रीचं किमान भाडं काढा: २६ गुणिले १.२५, म्हणजे साडेबत्तीस. शाळेच्या नियमाने ३३. पायथनचा राउंड सांगतो ३२! ही चूक नाही. बरोबर मधोमध आलेला आकडा तो जवळच्या सम संख्येकडे नेतो, त्यामुळे ३२.५ चे ३२ आणि ३३.५ चे ३४. आपल्याला शाळेचा नियम हवा असेल तर ०.५ मिळवून इंट (int) या आज्ञेतून काढा, तो अपूर्णांक कापून टाकतो.

अजून एक खोच. ५ किलोमीटर रात्रीचे काढताना आधी ८५.७० ला सव्वापट केलं तर १०७.१२५, म्हणजे १०७. आधी ८६ केले आणि मग सव्वापट, तर १०७.५० येतात आणि त्याचे १०८ होतात. दोन्ही कोड चालतात. बरोबर कोणता, हे पायथन ठरवत नाही. ते भाड्याच्या नियमात काय आहे त्यावर. रिक्षात मिळणारं टॅरिफ कार्ड घेऊन ताडून बघा. रोजच्या नोकरीतही प्रोग्रामरचा निम्मा वेळ अशा प्रश्नांत जातो, असं माझा प्रोग्रामर मेहुणा सांगतो.

तिसरा-चौथा आठवडा: टॅरिफ कार्ड

१ ते १० किलोमीटरचं कार्ड छापायचं तर तोच कोड दहा वेळा लिहायचा का? इथे लूप. पाढा म्हणताना बे एके, बे दुणे यात बदलतो फक्त दुसरा आकडा, तसंच. पायथनमध्ये फॉर (for) आणि रेंज (range). रेंज(१, ११) म्हटलं तर १ पासून १० पर्यंत. शेवटचा आकडा धरत नाही. सगळ्यांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं, मलाही वाटलं, महिन्याभरात सवय होते. अर्ध्या किलोमीटरच्या टप्प्यांचं कार्ड करायला बसलात तर कळेल की रेंज अपूर्णांक घेत नाही. ३ पासून २० पर्यंत फिरवा आणि प्रत्येक आकड्याला दोनने भागा: १.५, २, २.५ असं १० पर्यंत.

लूप चालवायच्या आधी पाटीवर चालवा. कागदावर तीन रकाने: आकडा, अंतर, भाडं. स्वतः कॉम्प्युटर होऊन एकेक ओळ भरा. कंटाळवाणं आहे. पण ज्याला हे जमलं त्याला लूप समजला, आणि नुसतं डोकं हलवणाऱ्याला समजलेला नाही. त्यानंतर थॉनीत एकेक पायरी चालवून तुमच्या रकान्यांशी जुळतंय का बघा.

मग फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेला, हवा तेव्हा पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा. शहरातल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा हिशेब अगदी हाच आहे, आकडे वेगळे: किमान ३१, दर २०.६६. वांद्र्याच्या आणि शीवच्या पलीकडे दक्षिणेला रिक्षा जात नाही, त्यामुळे टॅक्सीचा हिशेब लागणारच. पहिला मोह होतो तो सगळा कोड कॉपी करून आकडे बदलण्याचा. करा, आणि मग रात्रीच्या अटीतली चूक दोन्हीकडे दुरुस्त करायला विसरा. माझं तेच झालं. त्यानंतर 'भाडं काढ' असं एक फंक्शन लिहिलं, त्याला चार गोष्टी द्यायच्या: अंतर, तास, किमान, दर. उत्तर ते परत देतं. ५ किलोमीटर टॅक्सीला दिवसा १०३ आले की फंक्शन बरोबर. पुढची भाडेवाढ झाली की वरच्या दोन आकड्यांपलीकडे काही बदलायला लागत नाही, आणि मुंबईत भाडेवाढ होतेच. २६ च्या आधी २३ होते.

शेवटी लिस्ट आणि डिक्शनरी. आठवडाभराच्या रिक्षांची अंतरं एका लिस्टमध्ये, लूप लावून बेरीज. 'रिक्षा' म्हटलं की २६ आणि १७.१४, 'टॅक्सी' म्हटलं की ३१ आणि २०.६६, ही डिक्शनरी. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी. कोणत्याही प्राथमिक कोर्सची अनुक्रमणिका उघडा, पहिला निम्मा भाग हाच असतो. मुख्य कोर्सचा जो धडा चालू असेल तो रिक्षावर लगेच लावून बघा. धड्यातली उदाहरणं सोडवलीत पण रिक्षाला हात लावला नाहीत तर तो धडा झाला असं धरू नका.

लाल अक्षरं

एरर आली की बहुतेक जण खिडकी बंद करतात. वाचायची सवय लावा, आणि शेवटच्या ओळीपासून. शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते असतं, त्याच्या वर कितव्या ओळीत ते. नेमएरर म्हणजे नाव चुकीचं टाइप केलंय किंवा आधी ठरवलेलंच नाही. सिंटॅक्सएरर म्हणजे कंस, कोलन किंवा अवतरणचिन्ह. दाखवलेल्या ओळीत चूक दिसली नाही तर तिच्या वरची ओळ बघा, उघडा कंस बहुधा तिथे असतो. इंडेंटेशनएरर म्हणजे आतल्या जागा कमी-जास्त. मी एका वहीत एरर, कारण आणि उपाय असं तीन आठवडे लिहीत गेलो. पंधरा नोंदींनंतर नवीन काही येईना, त्याच त्याच चुका.

अडल्यावर

आधी वीस मिनिटं स्वतः झगडा. मग एररची शेवटची ओळ जशीच्या तशी शोधा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर कोणीतरी आधीच अडलेला सापडतो. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल माझं मत असं: 'कोड लिहून दे' म्हणू नका. 'माझ्या सातव्या ओळीत ही एरर का येते, उत्तर न देता इशारा दे' असं म्हणा. मराठीत विचारलं तरी चालतं. मिळालेलं स्पष्टीकरण रन करून पडताळा, कारण ही साधनं चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतात. माझ्या भाचीने कॉलेजची पूर्ण असाइनमेंट अशी लिहून घेतली आणि तोंडी परीक्षेत 'हा लूप किती वेळा फिरतो?' या एका प्रश्नावर गप्प उभी राहिली.

माणसाला विचारायचं असेल तर तीन गोष्टी एकत्र पाठवा: काय करायचं होतं, काय लिहिलं, काय झालं. नुसता 'चालत नाहीये'चा फोटो पाठवला की जाणकारही टाळतात.

पैसे मागणाऱ्यांबद्दल

मी एका क्लासला बावीस हजार भरले होते. 'नोकरीची शंभर टक्के हमी' अशी जाहिरात होती. तिसऱ्या आठवड्यात शिकवणारे बदलले, सहाव्यात व्हिडिओ पाठवायला लागले. नंतर कळलं की मासिक हप्ता म्हणून सही केलेला कागद हा तिऱ्हाईत वित्तसंस्थेचं कर्ज होतं. क्लास सोडला तरी हप्ता सुटला नाही. पैसे भरायचेच असतील तर परताव्याच्या अटी लेखी मागा, चालू बॅचमध्ये एक तास बसू द्या म्हणा, आणि हप्त्याच्या कागदावर कर्ज देणारा कोण आहे ते वाचा. पहिले तीन महिने तर एक रुपयाही खर्च करायचं कारण नाही.

तिसऱ्या महिन्यात

रिक्षा पुरे झाली असं वाटायला लागेल. मग तुमच्या कामातली फाइल घ्या. बँकेचं स्टेटमेंट सीएसव्ही स्वरूपात (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) मिळत असेल तर उतरवून घ्या आणि पायथनकडून महिन्याचा खर्च गटवार काढा. सोसायटीचा मेंटेनन्स कोणाचा थकलाय, दुकानात कोणता माल संपत आलाय, काहीही चालेल, फक्त आकडे तुमचे स्वतःचे हवेत, म्हणजे चुकीचं उत्तर आलं की लगेच खुपतं. खरा डेटा कॉपीवर चालवा, मूळ फाइलला हात लावू नका. लोकांची नावं, खाते क्रमांक असलेली फाइल कोणत्याही ऑनलाइन साधनात चढवू नका. आणि याच सुमारास गिट शिका, फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. 'भाडं_नवीन_शेवटचं_खरंच_शेवटचं' अशा नावाच्या फाइली साठायला लागल्या की वेळ झाली समजा.

रिक्षाचा प्रोग्राम मात्र टाकून देऊ नका. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे आणि अजून अपुरा आहे. रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी स्टेशनवरून निघालो, वाटेत बारा वाजले आणि १२ वाजून १० मिनिटांनी घरी उतरलो, तर भाडं दिवसाचं, रात्रीचं की अर्धं-अर्धं? माझं फंक्शन एकच तास विचारतं. तुमचं काय विचारेल ते कागदावर लिहून बघा, मग थॉनी उघडा.